मोती टिकतो, धागा झिजतो : मोत्यांची माळ घरच्या घरी गाठवण्याचे तंत्र

लग्नाच्या मांडवात किंवा बसमध्ये चढताना मोत्यांची माळ तुटते, तेव्हा तिच्यातील एकही मोती बहुधा फुटलेला नसतो. तुटलेला असतो तो केवळ धागा. नुकसान मात्र मोत्यांचे होते. गाठी न मारलेल्या माळेचा धागा एका जागी तुटला की सारेच मोती ओघळतात. काही फरशीच्या फटीत जातात, काही पायाखाली येतात. वेचून मोजले असता चार-पाच कमी भरतात, आणि त्याच आकाराचे, त्याच रंगाचे व त्याच झळाळीचे मोती पुन्हा मिळवणे कठीण असते. प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ असलेली माळ त्याच ठिकाणी तुटली, तर फार तर एक मोती निसटतो; उरलेले आपापल्या गाठींच्या मध्ये सुरक्षित राहतात. दोन मोत्यांमधील ही बारीकशी गाठ म्हणजे संपूर्ण माळेचा विमाच होय.

मोती ओवून गाठवण्याचे काम परंपरेने पटवेकरी करीत आले आहेत. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी पटवेकरी सापडेलच असे नाही. परिणामी अनेक घरांत तुटलेली माळ पुरचुंडीत बांधून वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते, किंवा साध्या शिवणाच्या दोऱ्यात कशीबशी ओवून वापरली जाते. साधी एकपदरी माळ गाठवणे हे घरी शिकता येण्याजोगे काम आहे. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती योग्य धागा, टोकदार चिमटा, चांगला उजेड आणि सराव. ज्या घरात मोत्यांची माळ आहे त्या घराला आणि ज्या तळ्यात मोत्यांचे शिंपले वाढत आहेत त्या शेतकऱ्यालाही हे कौशल्य उपयोगाचे आहे.

तळे आणि तुतीचा मळा : माळेचे दोन उगम

मोत्यांच्या माळेतील दोन्ही मुख्य घटक शेतीशी निगडित आहेत. मोती शिंपल्यात वाढतो आणि त्याला धरून ठेवणारा रेशमी धागा तुतीच्या पानांवर पोसलेल्या किड्याच्या कोषातून येतो.

भारतात सागरी मोत्यांच्या संवर्धनात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला १९७३ मध्ये तमिळनाडूतील तुतिकोरिन (थूथुकुडी) येथे यश मिळाले. गोड्या पाण्यातील मोतीसंवर्धनाचे तंत्र भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने विकसित केले. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरिॲनस आणि पॅरेसिया कॉरुगाटा या आपल्या नद्या-तळ्यांत आढळणाऱ्या शिंपल्यांच्या जाती त्यासाठी वापरल्या जातात. शस्त्रक्रियेने रोपण केलेले शिंपले नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत, प्रत्येक पिशवीत दोन याप्रमाणे, बांबूला किंवा पीव्हीसी नळीला टांगून सुमारे १ मीटर खोलीवर ठेवले जातात. हेक्टरी २०,००० ते ३०,००० शिंपले सोडण्याची शिफारस असून संवर्धनाचा काळ साधारण १२ ते १८ महिन्यांचा असतो.

या तळ्यांतून निघणारा प्रत्येक मोती माळेसाठी योग्य असतोच असे नाही, हे विस्तार कार्यकर्त्याने आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रावार पोकळीत साचा ठेवून तयार केलेले अर्धगोल किंवा गणपती, बुद्ध अशा आकृतींचे मोती ओवले जात नाहीत. ते पदकात, अंगठीत किंवा लोलकात जडवले जातात. कानातल्या कुड्यांसाठी मोत्याला आरपार छिद्र न पाडता अर्ध्यापर्यंतच पाडतात. माळेत ओवायचे ते गोल, लंबगोल किंवा वेडेवाकडे पण आरपार छिद्र पाडलेले मोती. मोत्यांना छिद्र पाडणे, त्यांची प्रतवारी करणे आणि त्यांच्या लडी बांधणे यांसाठी हैदराबाद हे देशातील नामांकित केंद्र आहे.

बाजारात मिळणारी मोत्यांची लडी ही तयार माळ नव्हे, हेही लक्षात ठेवावे. वाहतुकीसाठी आणि प्रतवारीसाठी मोती तात्पुरत्या दोऱ्यात ओवून दोन्ही टोके बांधलेली असतात. तशी लडी हूक लावून थेट गळ्यात घातली, तर ती तुटण्याची आणि मोती विखुरण्याची शक्यता फार असते. लडी विकत घेतल्यानंतर ती गाठवून घेणे हे खरेदीचाच भाग मानावे.

मोत्याचा स्वभाव

गाठवण्यास हात घालण्यापूर्वी मोत्याची घडण समजून घेतली पाहिजे. मोत्यातील ८० टक्क्यांहून अधिक भाग ॲरागोनाइट या स्फटिकरूपातील कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. या स्फटिकांच्या अतिसूक्ष्म चकत्या कॉन्किओलिन नावाच्या प्रथिनाने सांधलेल्या असतात. मोत्याचा प्रसन्न ओलसर प्रकाश या थरांतूनच येतो.

माती परीक्षणात मुक्त चुन्याची चाचणी घेताना मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते, हे प्रत्येक कृषी कार्यकर्त्याने पाहिलेले असते. मोत्याचे रसायन तेच आहे. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा मोत्याशी संबंध येऊ देऊ नये. तांब्या-पितळेची भांडी लख्ख करणारी चिंच मोत्याची झळाळी मात्र खाऊन टाकते. घाम, अत्तर आणि केसांवरचे फवारेही काळाच्या ओघात तेच करतात.

दुसरी बाब कठीणपणाची. मोह यांच्या मापनपट्टीवर मोत्याचा कठीणपणा साधारण २.५ ते ४.५ असतो, वाळूतील गारेचा ७ असतो. शेतावरून आलेल्या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. धूळ बसलेला मोती कोरड्या कापडाने घासला तर त्यावर चरे पडतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडाही याच कारणाने वर्ज्य आहे. गाठीचे आणखी एक काम येथे दिसते : ती मोत्यांना एकमेकांवर घासू देत नाही, त्यामुळे छिद्राच्या कडा झिजत नाहीत.

माळ पुन्हा गाठवण्याची वेळ कशी ओळखावी

धागा अचानक तुटत नाही. तो आधी सूचना देतो. माळ एका टोकाला धरून उभी टांगावी. मोती आणि गाठ यांच्यामध्ये धागा उघडा दिसू लागला असेल, तर धागा ताणला गेला आहे असे समजावे. गाठी काळसर झाल्या असतील, तर त्यांत घाम आणि मळ मुरला आहे. हुकालगतच्या दोन-तीन गाठींपाशी धाग्याचे तंतू उसवलेले दिसत असतील, तर माळ त्या दिवसापासून वापरू नये. सर्वाधिक ताण तेथेच येतो आणि माळ बहुतेक वेळा तेथेच तुटते. नेहमी वापरातील माळ वर्ष-दोन वर्षांनी आणि सणासमारंभापुरती वापरली जाणारी माळ वरील लक्षणे दिसताच पुन्हा गाठवणे इष्ट असते.

धाग्याची निवड

मोत्यांसाठी पिळाचा रेशमी धागा शतकानुशतके वापरात आहे. तो मऊ असल्याने छिद्राची कड झिजवत नाही, गाठ घट्ट धरतो आणि माळेला गळ्यावर सहज लवू देतो. त्याचे दोष दोन : तो कालांतराने ताणला जातो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद घटते. अनेक तंतूंचा, पीळ दिलेला नायलॉन धागा रेशमाइतका सुरेख लवत नाही. परंतु दमट किनारी प्रदेशात किंवा रोजच्या वापरात तो अधिक टिकतो. मासेमारीचा एकसंध नायलॉन दोरा मात्र वापरू नये. तो ताठ असतो, बारीक गाठ नीट धरत नाही आणि माळेला वाकडे कोन येतात. शिवणाचा सुती दोरा लवकर मळतो व तुटतो.

रेशमी धागा क्रमांकानुसार मिळतो. प्रचलित मापांत क्रमांक २ ची जाडी सुमारे ०.४५ मि.मी., क्रमांक ४ ची ०.६० मि.मी. आणि क्रमांक ६ ची ०.७० मि.मी. असते. संवर्धित मोत्याचे छिद्र अनेकदा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, तरी प्रत्येक लडीत ते तपासलेच पाहिजे. कसोटी साधी आहे : धागा छिद्रातून जोर न लावता जावा, परंतु छिद्र बरेचसे भरून निघावे, आणि त्या धाग्याची एक साधी गाठ छिद्रात शिरता कामा नये. गाठ आत जात असेल तर धागा बारीक आहे.

असा २ मीटर लांबीचा धागा पुठ्ठ्यावर, एका टोकाला बारीक तारेची सुई जोडलेला मिळतो. नवशिक्याने तोच घ्यावा. ४५ सें.मी. लांबीच्या माळेस तो पुरून उरतो. वापरण्यापूर्वी तो उलगडून, टोकाला हलके वजन बांधून रात्रभर टांगून ठेवावा. रेशमाचा आरंभीचा ताण अशा रीतीने निघून गेला म्हणजे माळ लवकर सैल पडत नाही.

लांबीचे गणित

गाठींमुळे माळ लांबते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ७ मि.मी. व्यासाच्या ६१ मोत्यांची गाठीविना माळ सुमारे ४३ सें.मी. भरते, हुकासह ४५ सें.मी. तेच मोती गाठवले आणि प्रत्येक गाठ १ मि.मी. धरली, तर ६० गाठींमुळे लांबी ६ सें.मी. वाढून ५१ सें.मी. होते. माळ ४५ सें.मी.चीच हवी असेल, तर सुमारे ५४ मोती पुरतात आणि सात मोती उरतात. उरलेल्या मोत्यांतून कानातील जोड होऊ शकतो किंवा पुढे एखादा हरवला तर बदली म्हणून ते जपून ठेवता येतात. दुसऱ्यासाठी माळ गाठवताना हा हिशेब आधी सांगणे अगत्याचे आहे. अन्यथा मोती कमी का झाले, असा प्रश्न उभा राहतो.

लागणारे साहित्य

सुईसह रेशमी धागा, टोकदार पण गुळगुळीत चिमटा, लहान दाभण किंवा जाड सुई, धारदार लहान कात्री, मोजपट्टी, हूक व त्याची कडी, आणि बारीक वेटोळ्यांची पोकळ तार, जिला बाजारात फ्रेंच वायर म्हणतात. ही तार हुकापाशी धाग्यावर आवरणासारखी बसते आणि धातूच्या घर्षणापासून त्याचे रक्षण करते. याशिवाय सुकल्यावर लवचिक राहणारा दागिन्यांचा गोंद थोडासा. क्षणात चिकटणारा गोंद वापरू नये. त्याने धागा ताठ व ठिसूळ होऊन तेथेच तुटतो. मोती पसरण्यासाठी फिकट रंगाचा जाड टॉवेल पुरेसा आहे. त्याला मधोमध चुणी घातली की मोत्यांसाठी पन्हळ तयार होते आणि मोती घरंगळत नाहीत.

प्रत्यक्ष कृती

१. नोंद. माळ उघडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, लांबी मोजावी आणि मोती मोजून आकडा कागदावर लिहावा. मधोमध मोठा व दोन्ही टोकांकडे लहान होत जाणारे मोती असतील, तर क्रम बिघडू देऊ नये.

२. उघडणे. माळ टॉवेलच्या पन्हळीत ठेवून एका टोकापासून एकेक गाठ कापावी. कात्रीचे पाते मोत्याला लागू नये. मोती सुटेल त्याच क्रमाने पन्हळीत ठेवत जावे.

३. स्वच्छता. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून पिळून घ्यावे व प्रत्येक मोती हलक्या हाताने पुसावा. छिद्रात अडकलेले जुन्या धाग्याचे तंतू सुईने काढावेत. मोती पूर्ण कोरडे होईपर्यंत पुढील काम थांबवावे. छिद्रातील ओलावा नव्या रेशमाला दुबळे करतो.

४. तपासणी. हीच वेळ मोत्याची परीक्षा करण्याची. दहापट भिंगातून छिद्राची कड पाहावी. केंद्रक घालून वाढवलेल्या मोत्यात बाहेरील थर आणि आतील केंद्रक यांमधील सीमारेषा तेथे दिसू शकते व थराच्या जाडीचा अंदाज येतो. रंग चढवलेला असेल तर तो छिद्रापाशी साचलेला आढळतो. नकली मोत्यावरील मुलाम्याचे पापुद्रे बहुधा येथेच सुटू लागतात. कड धारदार असेल तर ती नव्या धाग्याला कापेल. अशा वेळी मोत्यांसाठीच्या बारीक कानशीने, पाण्याचा थेंब ठेवून, कड हलकेच मोडावी. कोरडे घासल्यास मोती तापतो आणि त्याची भुकटी श्वासात जाते. दोन्ही टोकांच्या तीन-तीन मोत्यांतून धागा दोनदा जाणार असल्याने त्यांची छिद्रे याच पद्धतीने किंचित रुंद करावीत.

५. आरंभ. सुईने टोकाचे तीन मोती ओवावेत. हुकालगत येणारा मोती तिसरा ओवायचा, हे ध्यानात ठेवावे. मागे सुमारे १५ सें.मी. शेपूट सोडावे. नंतर ८ ते १० मि.मी. लांबीची फ्रेंच वायर व त्यानंतर हुकाची कडी ओवावी. सुई तिसऱ्या मोत्यातून उलट दिशेने परत काढावी आणि हळूहळू ओढावे. तार कडीभोवती वळून तिचा छोटा फास तयार होतो. आता त्या मोत्यापाशी शेपूट व मुख्य धागा यांची घट्ट गाठ मारावी. सुई दुसऱ्या मोत्यातून काढावी, पुन्हा गाठ. मग पहिल्या मोत्यातून काढून पुन्हा गाठ. शेवटच्या गाठीवर सुईच्या टोकाने गोंदाचा कण लावावा व तो सुकल्यावर शेपूट कापावे.

६. गाठवणे. उरलेले सर्व मोती क्रमाने धाग्यावर ओवून सुईच्या बाजूला सरकवावेत. एक मोती तयार भागालगत आणावा. धाग्याचा सैल फास दोन बोटांवर घ्यावा आणि माळेचा तयार भाग त्या फासातून खाली सोडावा. फासात दाभणाचे टोक घालून गाठ मोत्याकडे नेत राहावे. गाठ मोत्याला टेकली की चिमट्याच्या टोकांनी धागा मोत्यालगत धरावा, दाभण काढून घ्यावे आणि धागा ओढून गाठ आवळावी. शेवटी अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्याकडे दाबावी. प्रत्येक गाठीनंतर मोती हलवून पाहावा. तो मागे-पुढे सरकता कामा नये.

७. शेवट. अखेरचे तीन मोती राहिले असताना त्यांच्यामध्ये गाठ न मारता, गाठीपुरती किंचित जागा ठेवून ते ओवावेत. मग फ्रेंच वायर व हुकाचा दुसरा भाग. सुई अखेरच्या मोत्यातून परत आणून धागा ओढावा, मुख्य धाग्याभोवती गाठ मारावी. पुढील मोत्यातून काढून पुन्हा गाठ, त्यापुढील मोत्यातून काढून पुन्हा गाठ. गोंदाचा कण, सुकण्यास वेळ आणि मग कात्री.

८. पडताळणी. मोती पुन्हा मोजून पहिल्या आकड्याशी जुळवावेत. तयार माळ एक रात्र सपाट ठेवावी व दुसऱ्या दिवशी हूक उघड-बंद करून पाहावा.

सुरुवातीच्या चुका

पहिली चूक म्हणजे गाठ मोत्यापासून दूर बसणे. अशी गाठ आवळल्यानंतर सरकत नाही. ती दाभणाने सोडवण्याच्या प्रयत्नात रेशमाचे तंतू उसवतात, म्हणून आवळण्यापूर्वीच जागा निश्चित करावी. दुसरी चूक अति ताणाची. फार आवळलेली माळ गळ्यावर लवत नाही, काठीसारखी उभी राहते. तिसरी चूक घाईची. धाग्याचा पीळ उलटा फिरून सुटू लागला की गाठी लहान-मोठ्या दिसतात. दर आठ-दहा मोत्यांनंतर धागा मोकळा लोंबकळू देऊन पीळ सरळ करून घ्यावा.

सराव खऱ्या मोत्यांवर करू नये. काचेचे किंवा लाकडी मणी आणि साधा जाड दोरा घेऊन आधी शंभरेक गाठी माराव्यात. गाठी एकसारख्या येऊ लागल्या की मग रेशीम हाती घ्यावे. गजरे गुंफणाऱ्या आणि कलमे बांधणाऱ्या हातांना दोऱ्याच्या ताणाची जाण आधीच असते. त्यांना हे काम लवकर साधते.

जे दागिने घरी उघडू नयेत

सर्वच मोत्यांचे काम घरी करावे असा आग्रह धरू नये. तन्मणीसारखे अनेक पदरांचे दागिने, चिंचपेटीसारखी जडावाची कामे आणि सोन्याच्या तारेत गुंफलेली नथ ही जाणकार कारागिराकडेच द्यावीत. विशेष काळजी घ्यायची ती पिढीजात बसरा मोत्यांची. नैसर्गिक मोत्यांची किंमत वजनावर ठरत असल्याने वजन घटू नये म्हणून त्यांना फार बारीक छिद्रे पाडली जात. त्या छिद्रांत आजचा जाड धागा जात नाही, आणि छिद्र रुंद करणे म्हणजे त्या मोत्याचे मोल कायमचे घटवणे होय. असे मोती उघडण्यापूर्वी त्यांची पारख करून घ्यावी.

बचत गटासाठी सेवा म्हणून

कृषी विज्ञान केंद्रांच्या गृहविज्ञान विभागांना हे कौशल्य महिला बचत गटांच्या प्रशिक्षणात समाविष्ट करता येईल. मोतीसंवर्धन करणाऱ्या शेतकऱ्यांच्या परिसरात त्याचा दुहेरी उपयोग आहे : ओवण्याजोगे मोती सुटे विकण्याऐवजी गाठवलेल्या माळेच्या किंवा कंकणाच्या रूपाने विकता येतात, आणि गावातील जुन्या माळा दुरुस्त करून देण्याचे काम वर्षभर मिळू शकते. उत्पन्नाचा अंदाज बांधताना मात्र कोणाच्या सांगीव आकड्यांवर विसंबू नये. धागा, तार, हूक आणि वाया गेलेले साहित्य यांचा खर्च, तसेच एका माळेला प्रत्यक्ष लागलेले तास पहिल्या दहा माळांपर्यंत वहीत नोंदवावेत. मजुरीचा दर त्यावरून ठरवावा. संवर्धनासाठी गुंतवणूक करण्यापूर्वीही हीच शिस्त पाळावी आणि मोती परत विकत घेण्याच्या तोंडी हमीवर तळे उभारू नये.

दुसऱ्याचा दागिना हाती घेणे ही विश्वासाची बाब आहे. एक मोती कमी भरला किंवा बदलल्याचा नुसता संशय आला, तरी गटाचे नाव जाते. म्हणून माळ स्वीकारताना मालकाच्या समोर मोती मोजावेत, वजन करावे, छायाचित्र काढावे, आधीच चिरलेले किंवा झळाळी गेलेले मोती दाखवून द्यावेत आणि हे सारे नोंदवलेली पावती द्यावी. परत देताना त्याच पावतीवर पुन्हा मोजून स्वाक्षरी घ्यावी. एका वेळी एकाच मालकाची माळ टेबलावर असावी, हा नियम मोडू नये. कापलेला जुना धागा व निकामी हूकही लहान पिशवीत घालून परत करावा. मालकाच्या मनात शंका राहत नाही.

गाठवलेल्या माळेची निगा

सारा शृंगार आटोपल्यावर मोती घालावेत आणि घरी परतल्यावर ते सर्वांआधी उतरवावेत. उतरवल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून, वाऱ्यावर कोरडे करून मगच ठेवावेत. माळ खुंटीला टांगू नये. तिच्याच वजनाने रेशीम ताणले जाते. सोन्याच्या व खड्यांच्या दागिन्यांपासून वेगळी, मऊ कापडात गुंडाळून सपाट ठेवावी. गाठवलेली माळ पाण्यात बुडवून धुऊ नये. डब्यात एक लहान चिठ्ठी असावी : मोत्यांची संख्या, धाग्याचा क्रमांक आणि गाठवल्याची तारीख. पुढच्या वेळी माळ उघडणाऱ्याला, मग ती घरातील लेक असो वा सून, एवढी माहिती पुरेशी असते.

शिंपल्याने वर्ष-दीड वर्ष थरावर थर चढवून तयार केलेला मोती योग्य निगेने पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याला धरून ठेवणाऱ्या रेशमाचे आयुष्य त्यामानाने अल्प असते, आणि ते वेळोवेळी बदलणे हेच मोती जपणे होय. एका दुपारच्या सरावाने या कामाची ओळख होते; दहा-बारा माळांनंतर हात बसतो. आपल्या कपाटातील पुरचुंडीपासून त्याचा आरंभ करता येईल.